धार आहे, तरी इंजिन तापलं: आउटबोर्डच्या पाण्याच्या वाटेच्या नोंदी

१७ मे २०२५, शनिवार

आज संगमावर मशीन तापलं, म्हणून ही वही काढली.

देवबागच्या टोकाला कर्ली खाडी समुद्राला मिळते, तिथली रेतीची पट्टी दर वर्षी जागा बदलते. सकाळची ओहोटी होती. जाळी ओढून भोगव्याच्या अंगाने आत शिरत होतो. होडी फायबरची, बावीस फुटी, काकांची. मागे बाहेरून टांगलेलं मशीन, म्हणजे आउटबोर्ड: १५ हॉर्सपॉवरचं दोन-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, वय अकरा वर्षं. त्याची निगा माझ्याकडे असते, तीही शनिवार-रविवारी. बाकीचे दिवस मी मालवणात नोकरीला. पट्टीवर पाणी कमरेएवढंही नव्हतं. पंख्याने दोनदा रेती उसवली, मागचं पाणी गढूळ झालं. ते पार करून थ्रॉटल पिळला आणि पाच-सात मिनिटांत मशीन दबल्यासारखं झालं. आवाज जड. मग तव्यावर रंग करपावा तसा वास.

मी म्हटलं, बंद करतो. काका नाळीकडे, होडीच्या पुढच्या टोकाला, बसले होते. त्यांनी मान वळवून मशीनच्या कडेला बघितलं आणि म्हणाले, "धार आसा मा? मगे चल."

धार म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्यातलं जे थोडं कडेच्या भोकातून बाहेर पडतं ते. ती होती. रोजच्यासारखी जोमदार, करंगळीच्या निम्म्या जाडीची. मी तिच्याखाली बोट धरलं आणि मागे घेतलं. एरवी हे पाणी कोमट लागतं, आज चटका बसला. तिथेच बंद केलं. वरचं झाकण काढून हेडवर, म्हणजे सिलिंडरांची तोंडं बंद करणाऱ्या भागावर, चार थेंब शिंपडले तर चुर्र करून उडाले, मागे मिठाचे पांढरे ठिपके. काका बालदी भरून ओतायला निघाले होते, त्यांचा हात धरला. तापलेल्या ॲल्युमिनियमवर एकदम गार पाणी पडलं की हेड वाकडं व्हायला वेळ लागत नाही. पाऊण तास नुसते बसलो, नंतर वल्ही काढली.

मोठ्या मशीनला तापल्यावर भोंगा वाजतो. आमच्याला नाही. आमचा भोंगा म्हणजे ती धार, आणि आज तिने काहीच सांगितलं नाही.

१९ मे, सोमवार

संध्याकाळी अर्धा तास मिळाला. सोपं सोपं आधी बघून घेतलं. पायाच्या, म्हणजे मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या, दोन्ही बाजूंच्या जाळ्या, जिथून पाणी आत जातं: मोकळ्या. खाडीत प्लास्टिकची पिशवी जाळीवर चिकटून मशीन तापणं ही नेहमीची गोष्ट आहे, पण इथे पिशवी नव्हती. पेट्रोलमधलं तेल: लिटरला २० मिली, म्हणजे ५०:१, बरोबर. तेल कमी पडलं तरी दोन-स्ट्रोक तापतं, म्हणून हे विचारून घेतलं. प्लग काढले. खालचा चहाच्या रंगाचा, ठीक. वरच्याची चिनीमाती खडूसारखी पांढरी. वरचा सिलिंडर जास्त तापला, एवढं नक्की.

२३ मे, शुक्रवार

मंगळवारपासून पाऊस कोसळतोय, मे महिन्यात! होड्या घाईघाईने वर घेतल्या. मशीन काढून मांगरात, सामानाच्या खोपीत, लाकडी घोडीवर उभं टांगलं. आडवं ठेवायचं नाही: उभं असलं की पोटातलं पाणी आपोआप गळून जातं, आडवं ठेवलं की ते नको तिथे शिरतं.

४ जून, बुधवार

मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा हाताशी दोन महिने आहेत. रजा टाकून आज पाण्याचा पंप उघडला.

पंप पायात असतो, म्हणजे गिअरबॉक्सच्या डोक्यावर. तिथे पोचायला पाय खाली उतरवावा लागतो. कडेचे चार बोल्ट सुटले, गिअरच्या दांडीचा जोड सोडला, तरी पाय हलेना. रबरी हातोडीने ठोकलं, लोंबकळलो, शिव्या दिल्या. तासाभराने मालवणातल्या मेस्त्रींना फोन. ते आधी हसले. पंख्याच्या वर जो छोटा तिरका पंखासारखा तुकडा असतो, त्याच्या आत एक बोल्ट लपलेला आहे म्हणाले. तो तुकडा काढण्याआधी त्याचा कोन खडूने खुणावून ठेव, नाहीतर हँडल एका बाजूला ओढत राहील.

तो तुकडा म्हणजेच झिंकचा ॲनोड. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र असले की त्यातला एक झिजतो. मशीनचं ॲल्युमिनियम वाचावं म्हणून झिंकला झिजू द्यायचं, ही त्याची नोकरी. आमचा ॲनोड अकरा वर्षांत अगदी नवा राहिला होता. कारण मीच. दोन वर्षांपूर्वी पाय रंगवताना तोही राखाडी रंगात गुळगुळीत रंगवून टाकला, छान दिसतो म्हणून. त्याआधीही कुणीतरी रंगवलेला असणार, खाली जुन्या रंगाचा थर निघाला. रंगाखाली झिंक काहीच करू शकत नाही. झिजायचं काम मग आतल्या बोल्टांच्या आजूबाजूच्या ॲल्युमिनियमने केलं असणार.

पंपाचं झाकण उचललं. इंपेलर म्हणजे रबराचं सहा पाकळ्यांचं फूल. सगळ्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या. बोटाने सरळ केल्या तरी परत वाकायच्या. एका पाकळीचा कोपरा गायब, अंगठ्याच्या नखाएवढा. स्टीलच्या वाटीत आणि खालच्या प्लेटवर गोल गोल चरे, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. नख अडकतं इतके खोल. ही संगमावरची रेती.

इंपेलर शेवटचा कधी बदलला? काका म्हणतात दोन वर्षं, माझ्या हिशेबाने तीन हंगाम. वर्षाला एकदा बदलावा, रेतीच्या पाण्यात आधीच.

तुटलेला कोपरा पंपात सापडला नाही. नळीतही नाही.

८ जून, रविवार

नवा इंपेलर, वाटी, प्लेट आणि गॅस्केट गोव्याहून मागवलं. तोवर पाण्याची वाट कागदावर काढली. अकरा वर्षं हे मशीन वापरतोय आणि पाणी कुठून कुठे जातं हे मला धड सांगता येत नव्हतं.

मोटारीत रेडिएटर असतो, तेच पाणी फिरत राहतं. इथे रेडिएटर म्हणजे सगळा समुद्र. जाळीतून पाणी पंपात येतं. पंपाची वाटी गोल, पण शाफ्ट, म्हणजे इंपेलर फिरवणारा दांडा, तिच्या मध्यातून जात नाही, एका अंगाला सरकलेला असतो. त्यामुळे फिरताना पाकळी रुंद बाजूला उलगडते आणि अरुंद बाजूला दुमडते. उलगडताना दोन पाकळ्यांमधली जागा वाढते, पाणी आत ओढलं जातं. दुमडताना जागा आवळते, पाणी वर ढकललं जातं. संथ असताना पंप असा चालतो. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाकळ्या वाटीपासून आत सरकतात आणि तोच इंपेलर साध्या पंख्यासारखं पाणी भिरकावतो. यातली कळीची गोष्ट: रबर आणि स्टील यांच्यामध्ये वंगण म्हणून दुसरं काही नाही, पाणीच आहे. कोरडं मशीन 'चालतं का बघू' म्हणून सुरू केलं की काही सेकंदांत पाकळ्या भाजतात. दर जूनमध्ये किनाऱ्यावर एक तरी महाभाग हे करताना दिसतो. एका वर्षी तो मी होतो.

पंपापासून उभ्या नळीने पाणी वर जातं. आधी एक्झॉस्टच्या कव्हरभोवती, कारण तिथला धूर सगळ्यात तापट. मग सिलिंडरांच्या भोवतीच्या पोकळ्या, मग हेड, हेडच्या माथ्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापाला उघडणारी झडप. तो उघडा असेल तर पाणी त्यातून पुढे जाऊन परत खाली पायात उतरतं आणि धुराबरोबर पंख्याच्या मधल्या भोकातून बाहेर पडतं.

धार कुठून निघते? कंपनीच्या पुस्तकातल्या चित्रावर बोट फिरवत गेलो. आमच्या मशीनमध्ये धारेची नळी एक्झॉस्टच्या कव्हरजवळ फुटते. म्हणजे सिलिंडर आणि हेडच्या आधी! सगळ्याच मशीनांत असं नसतं, काहींत ती वरून, हेडनंतर घेतलेली असते. आमच्यात मात्र हेड पार बुजलं तरी धार जोरात पडू शकते. उलट थोडी जास्तच, कारण पुढची वाट बंद.

हे मेस्त्रींना फोनवर सांगितलं. मला वाटलं, काहीतरी नवीन शोधलंय. ते शांतपणे म्हणाले, "धार पंपाची खबर देता, हेडाची नाय."

त्यांनी आणखी एक सांगितलं ते लिहून ठेवतो. पंप झिजला असेल तर आधी संथ वेगात धार बारीक होते, वेग दिला की सुधारते. वरची वाट बुजली असेल तर उलट: संथ वेगात सगळं ठीक वाटतं आणि ओझं पडलं की तापतं. आमचं दुसऱ्या प्रकारात बसतं. म्हणजे पंप खराब आहेच, पण दुखणं तिथलं नाही.

२१ जून, शनिवार

सामान आलं. पंप बसवला.

बसवताना लक्षात ठेवायचं: शाफ्टवरची अर्धचंद्र चावी खाचेत नीट बसली का बघणं, नाहीतर शाफ्ट फिरतो आणि इंपेलर जागेवर राहतो. पाकळ्यांना भांड्याचा साबण लावला. ग्रीस नाही, पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं. वाटी खाली दाबताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, वरून बघताना, हळूहळू फिरवत गेलं की पाकळ्या योग्य बाजूला आपोआप दुमडतात. शाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावलं, माथ्यावर नाही. माथ्यावर ग्रीसचा गोळा राहिला तर शाफ्ट पुरता वर जात नाही. पाय चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी बुचात गेली की नाही हे अंधारात चाचपून बघावं लागतं. इथे काकांचा हात उपयोगी पडला, त्यांची बोटं सडसडीत आहेत.

पंखा काढून मशीन अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या पिंपात उतरवलं. पाणी पावळीचं. देवबागच्या विहिरींना उन्हाळ्यात खारट चव येते, आणि मशीन धुवायला त्यापेक्षा छपरावरून पडणारं पावसाचं पाणी कधीही चांगलं, फुकट आणि मऊ. पाणी जाळ्यांच्या बरंच वर, पंप बुडेल इतकं.

ताप मोजायला एक गंमत झाली. कोविडच्या वेळी घेतलेलं कपाळावर धरायचं यंत्र घरात होतं. ते ४३ अंशांच्या वर नुसतंच 'हाय' दाखवतं, माणसासाठीच बनवलेलं. मग कुडाळहून कारखान्यातली तापमापक बंदूक आणली. तीही चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं बोलते, कमी आकडा दाखवते. म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवली.

पिंपातलं पाणी २७. मशीन संथ, न्यूट्रलमध्ये. धार झकास, नव्या पंपाची. आठ मिनिटांनी एक्झॉस्टचं कव्हर ४९, हेडचा खालचा भाग ६६, वरचा ९१ आणि अजून चढतोय. बंद.

काका धारेकडे बघत होते. काही बोलले नाहीत.

२२ जून, रविवार

थर्मोस्टॅटचं झाकण. दहाच्या पान्याचे चार बोल्ट. काल रात्रीच डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं, आज गॅसच्या टॉर्चने झाकण शेकलं, बोल्टाच्या डोक्यावर हलके टोले दिले. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा किंचाळत सुटला. चौथा फिरायला लागला आणि मला बरं वाटलं. पाना हलका झाला. डोकं हातात, दांडा आत.

स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर, मध्ये अकरा वर्षांचं मीठ आणि रंगवलेला ॲनोड. आट्यांमध्ये पांढरी बुकटी दाटून सगळं एकजीव झालेलं.

झाकणाखाली थर्मोस्टॅट दिसेना. त्याच्या जागी एक राखाडी-पांढरा गिलावा होता, पोपडे आलेल्या भिंतीसारखा. चाकूच्या टोकाने उकरला तेव्हा पितळेची कड लागली.

२४ जून, मंगळवार

तो गिलावा नेमका आहे काय, हे बघायची खाज होती. ऑफिसमधून आल्यावर त्याचे वाटाण्याएवढे खडे केले आणि काचेचे दोन ग्लास घेतले.

पहिल्यात साधं पाणी. रात्री जेवण होईपर्यंत खडा निम्म्याहून लहान झाला, पाणी खारट. हे साधं मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पोकळीत पाणी अडकून वाळलं की ते तिथेच राहतात.

उरलेला खडा दुसऱ्या ग्लासात टाकला. त्यात लिंबूसत्त्व घातलेलं पाणी, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वाण्याकडचं. लगेच बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीसारखे. हा चुना, शिंपल्यात असतो तोच. गरम धातूला लागलं की पाण्यातला चुना बाहेर पडून चिकटतो, म्हणून जिथे जास्त ताप तिथे जाड थर, आणि थर जाड झाला की ताप आणखी.

बुडबुडे थांबल्यावर तळाशी जे राहिलं ते बोटांमध्ये चोळलं. संगमावरची रेती, अभ्रकासकट चमकणारी, आणि ॲल्युमिनियमची बुकटी.

एकाने सुचवलं की संडास साफ करायचं ॲसिड ओत, पाच मिनिटांत लख्ख. लख्ख होईल. हेडही जाईल. ते हायड्रोक्लोरिक असतं, ॲल्युमिनियम खातं.

२९ जून, रविवार

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात. काकी बाजारात गेली होती.

टोपात पाणी, जुना आणि नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून मधोमध लोंबकळत सोडलेले, तळाला टेकू न देता. बाजूला काचेचा तापमापक. नव्याच्या अंगावर ५२ कोरलेलं. आत मेणाची डबी असते. ठरलेल्या तापाला मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ५० पर्यंत काही नाही. ५२-५३ ला कडेला केसाएवढी फट. ६० ला झडप पुरती वर, खालून टोपाचा तळ दिसायला लागला. गॅस बंद केला तर निवताना तशीच हळूहळू मिटली. पुन्हा तापवलं, फक्त बघायला.

जुना गार असतानाही दोरा जाईल इतका उघडा होता. पाणी खळखळून उकळलं तरी तेवढाच. अर्धवट अडकलेला. म्हणजे गेले कितीतरी महिने तेवढ्याच फटीतून आमचं मशीन कसंबसं थंड राहत होतं. अर्धवट उघडा अडकल्यामुळे एक अपायही होत असणार: सकाळी मशीन लवकर गरम होत नव्हतं, संथ वेगात प्लग काळे पडत होते, आणि मी ते कार्ब्युरेटरवर ढकलत होतो.

मग काकी आली. "त्या टोपात माका उद्या भात करूचो आसा," एवढंच म्हणाली. टोप तीन वेळा घासला.

काहीजण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. कटकट नको म्हणून. आपल्याकडचं पाणी २८ अंशांचं, मग हवा कशाला, असा युक्तिवाद. पटत नाही. मशीन ठरलेल्या तापावर चाललं तरच पेट्रोल नीट जळतं, आणि दोन्ही सिलिंडरांना पाणी सारखं मिळावं ही व्यवस्थाही त्याच्या अडथळ्यावर अवलंबून असते.

६ जुलै, रविवार, आषाढी

हेड काढलं. तुटलेला बोल्ट हेडमध्येच होता, तेव्हा काढावं लागणारच होतं. आधी पुन्हा तीन दिवस तेल, आज टॉर्च. बोल्ट कडेचे आधी, मधले शेवटी, प्रत्येकी पाव-पाव फेरा. एकही तुटला नाही. उपासाचं पुण्य म्हणा.

आत सिलिंडर बरे आहेत. वरच्याच्या भिंतीवर दोन उभे ओरखडे, नख अडकत नाही इतके. वाचलो.

सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्या मात्र बघण्यासारख्या. खालची बऱ्यापैकी मोकळी. वरच्या सिलिंडरभोवती एक्झॉस्टच्या बाजूला गिलावा इतका, की पाण्याला पेन्सिल जाईल एवढीच वाट. लोखंडी खरवडणी वापरली तर ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात, म्हणून बांबूच्या कामट्या तासल्या. जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) वाकवून कोपऱ्यात फिरवला. जाळ्याचं सामान मशीनला कामी आलं. खरवड, पाणी मार, पुन्हा खरवड.

चारच्या सुमारास ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या वरच्या भोकात तंगूस अडला. मऊ अडला, खड्यासारखा नाही. चिमट्याने ओढलं.

काळा रबराचा तिकोनी तुकडा. अंगठ्याच्या नखाएवढा.

जुना इंपेलर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता तो आणला. तुकडा पाकळीला लावून बघितला. तंतोतंत बसला. आता माझा अंदाज असा: वाट गिलाव्याने आधीच अरुंद झालेली, थर्मोस्टॅट अर्धा मिटलेला, तरी निभावत होतं. १७ मेला पट्टीवरची रेती पंपात गेली, कडक झालेली पाकळी तुटली, कोपरा पाण्याबरोबर वर गेला आणि राहिलेल्या भोकात बुचासारखा बसला. धारेची नळी या भोकाच्या अलीकडे, खाली. म्हणून धार शेवटपर्यंत होती.

काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी तुकडा उजेडात धरून खूप वेळ बघितला. "एवढोसो?" म्हणाले.

१३ जुलै, रविवार

तुटलेला बोल्ट. मध्यावर पंच मारून ५ मिमीने भोक पाडायचं आणि ६ मिमीचा टॅप फिरवून जुने आटे मोकळे करायचे, असा बेत. पंच अर्धा मिलिमीटर सरकला. पोलादापेक्षा ॲल्युमिनियम मऊ, ड्रिल नेमकं मऊ बाजूला घसरलं. थांबलो, तेच शहाणपणाचं. हेड पिशवीत घालून कुडाळच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेलं. त्याने जुनं सगळं साफ उडवून तारेचे आटे बसवले, वीस मिनिटांत. मला पूर्ण रविवार लागला असता, आणि हेड नवीन घ्यावं लागलं असतं.

हेड त्याच्याकडून आल्यावर आणि ब्लॉक जागेवरच, दोन्ही लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुतले: लिटरला शंभर ग्रॅम, तासभर, मधून मधून ब्रश. नंतर खायच्या सोड्याचं पाणी, नंतर भरपूर पावळी. हेडचा तोंडाकडचा भाग सपाट आहे का ते बघायला जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवला. सगळीकडे सारखी चमक आली, म्हणजे वाकलेलं नाही. १७ मेला ती बालदी ओतली गेली असती तर आज ही चमक अर्धीच आली असती असं मी काकांना सांगितलं नाही.

२० जुलै, रविवार

जोडणी. नवं हेड गॅस्केट, नवा थर्मोस्टॅट, सगळ्या बोल्टांना मरीन ग्रीस. हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत, मेस्त्रींच्या टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर. नवा ॲनोड, बिनरंगाचा. त्याच्या बसायच्या जागेवरचा रंगही खरवडला, कारण धातूला धातू लागला नाही तर तो असून नसल्यासारखा.

पिंप. पाणी २६. धार चांगली, पण आता मी तिच्याकडे नंतर बघतो. चार मिनिटांनी हेडचा वरचा भाग ४८, सहाव्या मिनिटाला ५४, मग ५१, मग ५५. थर्मोस्टॅट उघडतोय-मिटतोय ते आकड्यांत दिसत होतं. खालचा भाग ५३. दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. बाराव्या मिनिटाला पिंपातलं पाणीच ३४ झालं आणि वर तेलाचा तवंग आला, तेव्हा बंद केलं. पिंपात जास्त वेळ चालवून आकडे घेण्यात अर्थ नाही, आपण आपलंच गरम पाणी पीत असतो.

जाताना एक सवय ठरवली ती इथे लिहितो: दर फेरीनंतर गोड्या पाण्यावर दहा मिनिटं, तीही मशीन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत. आजवर आम्ही दोन मिनिटं चालवून बंद करायचो. थर्मोस्टॅट मिटलेलाच असायचा, हेडपर्यंत गोडं पाणी नीट पोचतच नव्हतं. अकरा वर्षं आम्ही बहुतेक पंपच धुतला.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

मालवणच्या बंदरावर गर्दी, नारळ लढवायला पोरं रांगेत. आम्ही आमचा नारळ देवबागलाच सोडला. समुद्र अजून उफाणलेला. मशीन होडीवर चढवलं, सुरू केलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

लाटा बसल्या. भरतीला निघायचं ठरवलं, पट्टीवर भरपूर पाणी असताना. पाय पाण्यात, दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला सुरू.

धार नाही.

वीस सेकंद, एक थेंब नाही. बंद केलं. काका माझ्याकडे बघायला लागले, मी मशीनकडे. तीन महिने, दोन गॅस्केट, एक हेड, आणि धार नाही. नवा पंप, चावी मी स्वतः बसवलेली. नळी बुचातून निसटली असेल का? पाय पुन्हा उतरवायचा?

चुलत भावाचा सात वर्षांचा मुलगा बरोबर आला होता, फक्त किनाऱ्यापर्यंत. तो म्हणाला भोकात माती आहे.

वाकून बघितलं. धारेच्या भोकात लाल मातीचा गुळगुळीत गोळा, कडेने अगदी व्यवस्थित लिंपलेला. कुंभारीण माशी. मशीन पंधरा-वीस दिवस मांगरात टांगलेलं होतं, तिला आयतं घर मिळालं. खिशातला जाड तंगुसाचा तुकडा आत घालून फिरवला, माती भुसभुशीत होऊन पडली आणि तिच्यामागून चार हिरवट कोळी माझ्या तळहातावर. तिच्या पिलांची शिदोरी.

"मेले काय रे हे?" मुलाने विचारलं.

मेले नव्हते. ती त्यांना डंख मारून लुळं करते, पाय हलत होते अजून.

पुन्हा सुरू केलं. आधी माती, मग धार. बंदूक काढून काळ्या टेपवर धरली. संगम ओलांडून निवतीच्या दिशेने पाऊण थ्रॉटलवर पंधरा मिनिटं: वर ५८, खाली ५६. काका नाळीकडून मागे आले, धारेखाली हात धरला, बराच वेळ.

"कोमट आसा," म्हणाले.

तंगुसाचा तो तुकडा हँडलला बांधून ठेवलाय. मांगरात ठेवताना भोकाला थर्माकोलचं बूच लावायचं, आणि सुरू करताना ते काढायचं.